फायबर लेझरमधलं ध्रुवीकरण कसं जपायचं: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्याच्या तोंडावर नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या परिसरातून किंवा व्हीएनआयटीतून नुकतेच पास झालेले दोन-तीन जण आमच्याकडे फायबर लेझरचं काम शिकायला येतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "सर, पोलरायझेशन सेट करायचा नॉब कुठला?" असा नॉब नसतो. मोठ्या पॉवरच्या लेझरमध्ये ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहर कुठल्या दिशेने कंप पावते ते, शेवटी बसवता येत नाही. ते सीडमधून, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या छोट्या लेझरमधून, निघतं आणि तिथून टोकापर्यंत तळहाताच्या फोडासारखं जपत न्यावं लागतं. ते बिघडवते ती गोष्ट एकच, काचेतला ताण. आणि ते जपते तीही काचेतलाच ताण. मुद्दाम घातलेला ताण राखण करतो, चुकून पडलेला ताण घात करतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन ताणांच्याच आहेत.

आधी विचारा, हे हवंच आहे का?

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत पत्रा कापणारी फायबर लेझर यंत्रं चालतात, त्यांतल्या बहुतेकांचा प्रकाश कुठल्याही एका दिशेने ध्रुवित नसतो आणि तेच त्या कामाला बरं. ध्रुवित किरणाने पत्रा कापला तर कापाच्या दिशेनुसार धार बदलते. एकरेषीय ध्रुवीकरण लागतं ते १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण स्फटिकातून नेऊन ५३२ चा हिरवा करायचा असेल तेव्हा, अनेक लेझर एकमेकांशी कला (लहरींचे चढ-उतार) जुळवून एकत्र करायचे असतील तेव्हा, किंवा पुढे ध्रुवीकरणाला संवेदनशील ग्रेटिंग असेल तेव्हा. यातलं काही नसेल तर हा खटाटोप करू नका. ध्रुवीकरण राखणारं फायबर महाग असतं, जोडायला वेळ लागतो, आणि पुढे सांगणार आहे तशी एक वेगळी किंमतही मोजावी लागते.

पहिली पायरी: ताण डोळ्यांनी बघा

लॅबमध्ये पाय ठेवण्याआधी हे घरी करा. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवितच असतो. पोलराइज्ड गॉगलची काच पडद्यासमोर धरून फिरवा, पडदा काळा होईल अशा कोनावर थांबा. आता मधे कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक धरा. काळ्यावर रंगांचे पट्टे उमटतील, कडेला आणि भोकांपाशी जास्त दाट. हे रंग म्हणजे साच्यात प्लॅस्टिक थंड होताना आत अडकलेला ताण. कोनमापक बोटांनी थोडा वाकवा, पट्टे सरकतात. ताण पडला की पदार्थातून जाणाऱ्या दोन आडव्या-उभ्या कंपनांचा वेग वेगळा होतो. याला दुहेरी अपवर्तन म्हणतात, लॅबच्या बोलीत बायरेफ्रिंजन्स. तुमच्या फायबरवर चिमटा जोरात बसला की आत हेच घडतं, फक्त तिथे रंग दिसत नाहीत.

गॉगलची ती काच लॅबमध्ये मात्र वापरू नका. साधी पोलरॉइड फिल्म १०६४ नॅनोमीटरला ध्रुवक म्हणून काम करत नाही.

दुसरी पायरी: फायबर समजून घ्या

ध्रुवीकरण राखणाऱ्या फायबरचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मधे गाभा आणि दोन्ही बाजूंना दोन गोल दिसतात. पांडाच्या तोंडासारखं दिसतं म्हणून नावही पांडाच. ते दोन डोळे बोरॉन मिसळलेल्या काचेच्या सळया आहेत. फायबर ओढताना तापलेली काच थंड होते तेव्हा या सळया भोवतालच्या शुद्ध काचेपेक्षा जास्त आक्रसतात आणि गाभ्याला कायमचं दोन्ही बाजूंनी ओढून धरतात. दोन डोळ्यांतून जाणाऱ्या रेषेला स्लो अ‍ॅक्सिस म्हणतात, तिला काटकोनात फास्ट अ‍ॅक्सिस. दोन्हींच्या अपवर्तनांकात फरक किती? बारीक गाभ्याच्या फायबरमध्ये सुमारे ०.०००३५, मोठ्या गाभ्याच्या फायबरमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंत खाली.

आकडा नगण्य वाटतो, पण १०६४ नॅनोमीटरला ०.०००३५ ने भागा. उत्तर येतं सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे दर ३ मिलिमीटरला दोन अक्षांवरच्या लहरी एकमेकींपासून पूर्ण एका तरंगाने सुटतात. एका अक्षावरचा प्रकाश दुसऱ्यावर सांडायचा असेल तर धक्का याच तालावर पडायला हवा. म्हणून मोठ्या, सावकाश वळणाने फायबरला काही होत नाही. पण पट्टीची धारदार कड, गोंदाचा कडक झालेला थेंब किंवा घट्ट आवळलेला क्लॅम्प हे धक्के मिलिमीटरच्या मापाचे असतात. तेच नडतात.

इथे बहुतेक नवख्यांचा एक गैरसमज असतो, तो आत्ताच काढून टाका. हे फायबर प्रकाशाला ध्रुवित करत नाही. अक्षाला धरून आत गेलेला प्रकाश ते तसाच ठेवतं, एवढंच. तुम्ही ४५ अंशांत घातलात तर दोन्ही अक्षांवर निम्मा-निम्मा प्रकाश इमानाने घेऊन जाईल आणि पलीकडे काय बाहेर पडेल ते खोलीच्या तापमानावर ठरेल.

साधं फायबर वापरून सीडच्या बाजूला पिझोने किंवा द्रवस्फटिकाने सतत दुरुस्ती करत राहण्याचा दुसरा मार्गही आहे. किलोवॅटच्या पुढच्या काही रचनांत तो वापरतात. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: सीड तपासा

मोजमापाचं एकक पक्कं करून घ्या. हव्या अक्षावरची पॉवर भागिले नको त्या अक्षावरची, डेसिबलमध्ये. २० डेसिबल म्हणजे १०० ला १, ३० म्हणजे १००० ला १. याला आम्ही पीईआर म्हणतो. सीड लेझरच्या माहितीपत्रकावर आकडा छापलेला असला तरी स्वतः मोजा आणि वहीत लिहा. पुढे जे काही बिघडेल ते या आकड्याशी ताडून बघायचं आहे.

कनेक्टर असेल तर त्याची चावी स्लो अ‍ॅक्सिसला लावलेली आहे ना, ते विचारून घ्या. आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मागवताना फास्ट अ‍ॅक्सिस अडवणारा मागवा. प्रत्येक टप्प्यावर सांडलेला प्रकाश तो तिथेच टाकून देतो आणि पुढच्या टप्प्याची सुरुवात स्वच्छ होते.

चौथी पायरी: जोड

निम्मं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून इथे घाई नको. वेष्टन काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पुसलेल्या काचेला पुन्हा बोट लावू नका. क्लीव्हचा (तोडून केलेल्या टोकाचा) कोन अर्ध्या अंशाच्या आत हवा. सळयांच्या ताणामुळे चीर कधी कधी तिथे वळते आणि डोळ्याच्या कडेला खरवड दिसते. अशी खरवड दिसली की तोडा आणि पुन्हा करा, कितीही कंटाळा आला तरी.

मग स्प्लायसरमध्ये (दोन फायबर वितळवून जोडणाऱ्या यंत्रात) दोन्ही टोकांची तोंडं समोरून बघा आणि डोळे डोळ्यांना भिडवा. कोन १ अंशाने चुकला तर फक्त त्या जोडापुरता पीईआर ३५ डेसिबल येतो, ३ अंशांनी चुकला तर २५ च्या थोडा वर, आणि ६ अंशांना २० च्याही खाली. १ अंशाच्या आत आणणं चांगल्या स्प्लायसरला जमतं, तेवढं आणाच. आर्कची उष्णता मात्र बेताची ठेवा. बोरॉनची काच शुद्ध काचेच्या आधी मऊ होते, जास्त तापवली तर डोळे पसरतात आणि राखणारा ताणच ढिला पडतो.

आता एक हिशेब, जो मी प्रत्येकाकडून कागदावर करून घेतो. साखळीत २५ डेसिबलचे ४ जोड आहेत. प्रत्येक जोडाला ०.३ टक्के प्रकाश नको त्या अक्षावर सांडतो. सरळ बेरीज केली तर १.२६ टक्के, म्हणजे १९ डेसिबल. ठीक वाटतं. पण सांडलेल्या लहरी एकमेकींशी कलेत आल्या तर बेरीज पॉवरची होत नाही, उंचीची होते. ४ जोडांची उंची चौपट, पॉवर १६ पट, गळती ५ टक्के, पीईआर १३ डेसिबल. जोड तेच, फायबर तेच. फरक फक्त जोडांमधल्या फायबरच्या तापमानाचा.

एका मे महिन्यात हे आम्ही फार जवळून पाहिलं. सकाळी ९ ला आकडा १९ च्या आसपास. दुपारी बाहेर पारा ४५ च्या पुढे, एसी दमलेला, आणि आकडा कधी १४, कधी २१, पुन्हा १५. आम्ही दोन दिवस सीडवर संशय घेत बसलो. शेवटी एका मुलीने दोन जोडांमधल्या मोकळ्या फायबरवर नुसता तळहात धरला आणि मीटरचा काटा तिच्या हाताबरोबर वर-खाली होऊ लागला. तिथून दोन जोड तोडून नव्याने केले, कोन निम्म्याहून कमी झाले, आणि दुपारचा झोका जवळजवळ थांबला.

सीडचा वर्णपट जितका अरुंद तितका हा झोका मोठा. १० मीटर फायबरमध्ये दोन अक्षांच्या वाटेत सुमारे ३ मिलिमीटरचा फरक पडतो. १ नॅनोमीटर रुंद वर्णपटाच्या प्रकाशाची सुसंगती (लहरींचा ताल जुळून राहतो ते अंतर) १ मिलिमीटरच्या जवळपास संपते, म्हणून तिथे लहरी एकमेकींना ओळखत नाहीत आणि आकडा स्थिर दिसतो. १० गिगाहर्ट्झच्या सीडची सुसंगती काही सेंटिमीटर टिकते, मग झोका येणारच.

जोड झाल्यावर उघडी काच पुन्हा झाकायची. दुहेरी आवरणाच्या फायबरमध्ये पंपचा (लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या डायोडचा) प्रकाश बाहेरच्या आवरणातून धावतो, म्हणून इथे कमी अपवर्तनांकाचं खास पॉलिमरच लागतं. साधा गोंद लावलात तर पंप तिथेच बाहेर पडेल आणि जोड जळेल. पॉलिमर घट्ट होताना आक्रसतं हेही लक्षात ठेवा. झाकण्याआधी आणि झाकल्यानंतर पीईआर मोजा. २ डेसिबलहून जास्त उतरला तर जाड थर किंवा एका बाजूला साचलेला थेंब शोधा.

पाचवी पायरी: ड्रमवर गुंडाळणं

यिटर्बियम मिसळलेल्या २० मायक्रॉन गाभा आणि ४०० मायक्रॉन आवरणाच्या फायबरपासून बरेच जण सुरुवात करतात. या गाभ्यातून एकाहून जास्त मोड (किरणाचे वेगवेगळे आकार) जाऊ शकतात. वळणावर प्रकाश गळतो, आणि कमी घट्ट धरलेला प्रकाश आधी गळतो. वरचे मोड तसेच असतात. फास्ट अ‍ॅक्सिसवरचा प्रकाशही तसाच, कारण त्याचा अपवर्तनांक किंचित कमी. म्हणून योग्य व्यासावर गुंडाळलं की वळण दोन कामं एकदम करतं: किरण स्वच्छ होतो आणि नको ते ध्रुवीकरण वाटेत झडतं.

योग्य व्यास तुमच्या फायबरचा तुम्हीच शोधायचा. या मापाच्या फायबरला तो साधारण १० सेंटिमीटरच्या आसपास येतो. १२ पासून सुरू करा, एकेक सेंटिमीटरने कमी करा, दर वेळी दोन्ही अक्षांवरची पॉवर मोजा. फास्टवरची झपाट्याने पडते आणि स्लोवरची जेमतेम हलते, तिथे थांबा. त्याहून लहान केलात तर स्लोही गळायला लागतो.

ड्रम ॲल्युमिनियमचा लागतो, आणि तो आम्ही हिंगण्यातल्या एका लेथवर करून घेतो. फायबर वेष्टनासकट साधारण ५५० मायक्रॉनचं, तेव्हा खाच पाऊण मिलिमीटरच्या आत. पहिल्यांदा गेलो तेव्हा लेथवरच्या भाऊंनी विचारलं, "एवढी बारीक खाच, वायर बसवायची आहे का?" काचेचा धागा आहे म्हटल्यावर त्यांनी टूल बदललं, वेग कमी केला आणि शेवटी एक गोष्ट शिकवली जी कुठल्याही माहितीपत्रकात नाही. कापसाचा बोळा सैल करून खाचेतून सगळीकडे फिरवायचा. जिथे तंतू अडकला तिथे बर (धातूची बारीक खरखरीत कड) राहिलेला आहे. तेवढी जागा बारीक पॉलिश कागदाने घासायची, पुन्हा कापूस फिरवायचा. तंतू कुठेच अडकला नाही की ड्रम तयार. त्यानंतर खाच अल्कोहोलने धुवा. कापसाचा एक तंतूही पंपाच्या वाटेत राहिला तर तिथे जळून काळा ठिपका होतो.

गुंडाळताना फायबरला पीळ बसू देऊ नका. रीळ फिरवत फायबर सोडा, रिळावरून वरच्या वर ओढू नका. शेवटची टोकं चिकटपट्टीने दाबून बसवायचा मोह होतो. तसं न करता मऊ सिलिकॉनचा छोटा आधार द्या.

सहावी पायरी: थंड ठेवणं, नागपुरात

९७६ नॅनोमीटरचा पंप १०६४ चा प्रकाश होतो तेव्हा सुमारे ८ टक्के ऊर्जा त्या फरकातच उष्णता होऊन फायबरमध्ये राहते. प्रत्यक्षात याहून जास्त. शिवाय पंप डायोडची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, आणि ९७६ वरचं शोषण अरुंद आहे. चिलर (थंड पाणी फिरवणारं यंत्र) डळमळला की पंप अर्धवट शोषला जातो.

उन्हाळ्यात खोलीत डेझर्ट कूलर लावायचा विचारही मनात आणू नका. घरी खसच्या टट्ट्यांचा वास कितीही हवासा वाटला तरी त्याची ओली हवा आणि धूळ ऑप्टिक्सवर बसते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण. इथल्या हवेचा दवबिंदू सहज २३-२४ अंशांवर जातो. चिलर १८ ला लावून ठेवलात तर थंड प्लेटवर पाणी सुटेल, डायोडच्या तोंडावरसुद्धा. पावसाळ्यात खोली बंद ठेवा, आर्द्रतामापक टेबलावर ठेवा, आणि चिलरचं पाणी दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवून त्या तापमानाला चालणारे डायोड निवडा. चिलर यूपीएसवर हवा. वीज गेली तर आधी पंप बंद व्हावा आणि पाणी नंतर, असं इंटरलॉक करून घ्या.

सातवी पायरी: मोजणं

गॉगल आधी. १०६४ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही आणि पापणी मिटत नाही. या तरंगलांबीला योग्य घनतेचा गॉगल घातल्याशिवाय इंटरलॉकची किल्ली फिरवू नका. ध्रुवीकरण मोजताना आणखी एक धोका असतो. ध्रुवक नको तो प्रकाश बाजूला फेकतो. १०० वॅटच्या किरणात २० डेसिबल असेल तरी १ वॅट बाजूला जातो, आणि हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी चकती) फिरवताना तर सगळाच्या सगळा जातो. त्या बाजूला बीम डंप (किरण शोषून घेणारा अडसर) आधी लावा, मग प्लेटला हात लावा.

रचना साधी: कोलिमेटर (किरण समांतर करणारं भिंग), हाफ-वेव्ह प्लेट, ध्रुवक, पॉवर मीटर. प्लेट फिरवून कमाल आणि किमान शोधा. पॉवर जास्त असेल तर सगळा किरण ध्रुवकातून नेत नाहीत, काचेच्या वेजने (पाचरीने) थोडा नमुना काढतात. याच ठिकाणी मी स्वतः आठवडाभर चुकलो होतो. जागेच्या सोयीसाठी वेज ४५ अंशांत लावली. मीटर २४ डेसिबल दाखवत होता आणि आम्ही खुशीत होतो. हिरवा प्रकाश मात्र हिशेबाएवढा निघेना. ४५ अंशांत काचेवरून एका ध्रुवीकरणाचा सुमारे ८ टक्के भाग परततो आणि दुसऱ्याचा जेमतेम ०.६५ टक्के. साडेबारा पट फरक, म्हणजे ११ डेसिबल. खरा आकडा १३ होता, बाकीचे ११ वेजचे. वेज किरणाला जवळजवळ काटकोनात ठेवा, ५ अंशांच्या आसपास. तिथे दोन्हींचा साधारण साडेतीन टक्के परततो.

किमान मोजताना थर्मल हेड शून्याभोवती तरंगत असतं. १ वॅटच्या नमुन्यात २० डेसिबल म्हणजे किमान १० मिलीवॅट, तेवढं त्याला नीट दिसतं का बघा, नाहीतर फोटोडायोड हेड घ्या. आवरणातला उरलेला पंप स्ट्रिपरने काढलेला असू दे, तो ध्रुवित नसतो आणि किमान उगाच वाढवतो. आणि एकदा मोजून थांबू नका. हेअर ड्रायरच्या मंद झोताने मोकळं फायबर दोन-चार अंश गरम करा, किमान वर-खाली होताना बघत राहा, त्यातला सर्वांत वाईट आकडा लिहा.

आठवी पायरी: पॉवर वाढवणं

सुरुवातीला सांगितलेली किंमत ती हीच. अरुंद वर्णपटाच्या लेझरमध्ये ब्रिल्वां विकिरणाने प्रकाश उलटा फिरतो, आणि एकरेषीय ध्रुवित प्रकाशाला हे लवकर गाठतं. ध्रुवीकरण भरकटत जाणाऱ्या साध्या फायबरमध्ये मर्यादा याच्या सुमारे दीडपट असते. म्हणून मागे येणाऱ्या प्रकाशावर वेगळा मीटर हवाच. तो अचानक उसळला की थांबा. वर्णपटात ११२० च्या आसपास टेकाड दिसलं तर ते रमण विकिरण. ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आपल्या गांधीसागरजवळ आहे, त्या चंद्रशेखर वेंकट रमण यांचाच हा परिणाम, इथे पाहुणा म्हणून नकोसा.

पीईआर पॉवरबरोबर हळूहळू उतरत असेल तर आयसोलेटरच्या स्फटिकाकडे बघा, तो तापला की त्यात ताण पडतो आणि ताणाचं काय होतं ते तुम्ही कोनमापकात पाहिलंच आहे. एका विशिष्ट पॉवरला एकदम पडत असेल आणि किरणाचा ठिपका थरथरत असेल तर ती उष्णतेने होणारी मोडची अस्थिरता. ती २०१० नंतर संशोधकांच्या ठळकपणे लक्षात आली. तिथे जोड पुन्हा करून उपयोग नाही, वळणाचा व्यास किंवा पंपाची दिशा बदलावी लागते.

वाढ २०-२० वॅटची ठेवा. प्रत्येक पायरीला १० मिनिटं थांबा, किमान पुन्हा मोजा, खोलीचं तापमान, चिलरचं तापमान आणि मागे येणारी पॉवर त्याच ओळीत लिहा. ओळ पूर्ण झाली की मगच पुढचे २० वॅट.